गोन्सालोच्या गावाहून नागासाकीला

दिवस पहिला : वसई, मुंबई, बँकॉक

माती घरीच राहिली. आम्ही वसईहून जपानला, नागासाकीला, आमच्या संत गोन्सालोच्या दर्शनाला निघालो होतो. शेजारच्या आत्यांनी किल्ल्यातून मूठभर माती आणून जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून दिली होती. आमच्या आळीत अजून लाल लुगडं नेसणाऱ्या ज्या दोनतीन जणी उरल्यात, त्यांतल्या त्या एक. म्हणाल्या, "त्याच्या पायाशी टाक गो, गावची आहे." मी हो म्हटलं आणि रात्री फादरांनी दिलेला सूचनांचा कागद वाचला, तर तिसऱ्याच ओळीत होतं की जपानमध्ये माती न्यायला सक्त मनाई आहे. सकाळी पुरचुंडी परत द्यायला गेले, पण त्या हातात घेईनात. "मग एक चिठ्ठी लिही माझी," म्हणाल्या. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं : "आमच्या वाडीलगतचं बावखल बुजवायला काढलंय. बुजवणाऱ्यांना सुबुद्धी दे. नाही दिलीस तर आम्हाला बळ दे."

वसईबाहेरच्यांसाठी सांगते. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. केळी-पानवेलीच्या शिंपण्यासाठी पूर्वजांनी खणलेलं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि त्यामुळे आसपासच्या विहिरी गोड्या राहतात. आता तिथे भराव पडतो.

अशा चिठ्ठ्यांची पावाची एक पिशवी भरली होती. आदल्या रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, फादरांनी जाहीर केलं होतं, ज्यांना प्रार्थना पाठवायची असेल त्यांनी लिहून द्यावी. पिशवी माझ्या ताब्यात. तीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणजे कसलंही अक्षर लागेल, हा सगळ्यांचा समज.

आम्ही १९ जण आणि फादर. माझ्या शेजारच्या सीटवर आमच्या नणंदबाई. विमान उडायच्या आधीच त्यांनी रोझरी काढली आणि बँकॉक येईपर्यंत तीन वेळा पुरी केली. मी झोपले.

दिवस दुसरा : फुकुओका, नागासाकी, निशिझाका

फुकुओकाचा विमानतळ गावातच आहे म्हटलं तरी चालेल. मेट्रोनं दुसरं स्टेशन हाकाता. तिथून एक गाडी ताकेओ-ओन्सेनपर्यंत. तिथे उतरायचं, त्याच फलाटावर समोर उभी असलेली शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पकडायची आणि नागासाकी. ही छोटी शिन्कान्सेन २०२२ साली सुरू झाली. गाडी बदलायला हाताशी दोनचार मिनिटं असतात. आमच्या १९ जणांनी आणि ३१ बॅगांनी ते कसं जमवलं, ते विरार लोकलनं घडवलेल्या माणसालाच कळेल.

आम्ही इतक्या लांब का आलो ते आता सांगते. संत गोन्सालो गार्सिया वसईचा. जन्म १५५७च्या सुमाराचा, वडील पोर्तुगीज, आई वसईची. किल्ल्यातल्या जेजुइट या धर्मसंघाच्या फादरांकडे शिकला आणि पोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथे भाषा अशी आत्मसात केली की लोक ऐकत राहत. पण जेजुइटांनी त्याला संघात काही घेतलं नाही. मग तो व्यापारी झाला, पैसा मिळवला आणि शेवटी मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात ब्रदर झाला. फादर, म्हणजे धर्मगुरू नव्हे, नुसता व्रतस्थ ब्रदर. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्तांचा दुभाषी म्हणून पुन्हा जपानला आला. १५९६च्या डिसेंबरात जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमानं धरपकड झाली. डाव्या कानाचा तुकडा कापून, गावोगाव धिंड काढत, ऐन हिवाळ्यात महिनाभर चालवत त्यांना नागासाकीला आणलं. निघताना २४ होते, वाटेत आणखी दोघे त्यांच्यात मिळाले. ५ फेब्रुवारी १५९७ ला निशिझाकाच्या टेकडीवर २६ क्रूस उभे राहिले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी सगळ्यांना संत म्हणून जाहीर केलं. भारतात जन्मलेला पहिला संत तो आमचा.

हे सगळं मला लहानपणापासून पाठ आहे. गासला त्याच्या नावाचं चर्च, वसईत त्याच्या नावाचं कॉलेज, किल्ल्यात सणाची मिस्सा, मग मांडव आणि जेवण. तरी खरं सांगायचं तर तो माझ्यासाठी एक पुतळाच होता, तपकिरी झग्यातला.

स्टेशनातून बाहेर पडून रस्ता ओलांडला, पाचेक मिनिटं चढण चढली की निशिझाका. एवढ्या जवळ असेल असं वाटलं नव्हतं. लांब दगडी भिंतीत ओळीनं २६ ब्राँझच्या आकृती. १९६२ साली, संतपद मिळाल्याच्या शताब्दीला, शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांनी घडवलेल्या. मी लांबून चेहरे बघत होते. जवळ गेल्यावर पाय दिसले. सगळे पाय अनवाणी आणि चवडे खाली वळलेले, जमिनीला न टेकणारे. क्रुसावरचे पाय असेच लोंबत असणार. पण बघणाऱ्याला वाटतं, हे आत्ता वर उचलले जाताहेत. ओळीत तिघं उंचीला कमी. ती मुलं. लुइस १२ वर्षांचा, अंतोनियो १३, तोमास १४. आमच्या शाळेतल्या सातवी-आठवीची पोरं.

गोन्सालो ओळीच्या साधारण मधोमध. त्याच्यासमोर आम्ही उभे राहिलो आणि तेवढ्यात वाद पेटला. माहितीपत्रकात लिहिलं होतं : वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकन, एक पोर्तुगीज. नणंदबाई उसळल्या. "पोर्तुगीज? आई कोणाची होती याची?" फादर हसत म्हणाले, "बाई, त्या काळी वसईच पोर्तुगिजांची होती. कागदावर काय लिहिणार?" नणंदबाईंचं समाधान झालं नाही. त्यांनी पेन काढून आपल्या प्रतीवर "पोर्तुगीज" खोडलं आणि मराठीत "वसईकर" लिहिलं. मला मात्र दोन्हीकडून पटेना. जेजुइटांना तो पुरेसा पोर्तुगीज वाटला नसावा, असा माझा तर्क. इथल्या कागदाला तो पुरेसा भारतीय वाटत नाही. दुभाष्याचं हे असंच असतं, दोन्ही घरचा पाहुणा.

असं सांगतात की टेकडीवर सगळ्यात आधी तोच पोचला आणि एका क्रुसापाशी जाऊन विचारलं, "हा माझा का?" नाही म्हणाले. दुसऱ्यापाशी नेलं, तेव्हा त्यानं गुडघे टेकून त्याला मिठी मारली. हे जपानीतच विचारलं असणार. शिपायांना दुसरं काय कळणार?

अंधार पडेपर्यंत मी पिशवीतल्या चिठ्ठ्या एकेक काढून वाचल्या. मोठ्यानं, मराठीत. मुलाचा व्हिसा, सुनेची कूस, गुडघा, दारू सुटू दे, खाडीकडच्या शेतात मिठाचं पाणी शिरतंय ते थांबू दे. एकीत नुसतंच "तुला माहीत आहे". आत्यांची चिठ्ठी वाचताना आवाज उगाच चढला. पलीकडे सायकल हातात धरून एक शाळकरी मुलगा थांबला होता. तो वाकला आणि निघून गेला.

दिवस तिसरा : ओउरा

ट्रामनं ओउराला. परदेशी लोकांसाठी फ्रेंच फादरांनी १८६४ साली बांधून पुरं केलेलं आणि याच २६ जणांना अर्पण केलेलं हे चर्च. दर्शनी बाजू निशिझाकाकडे. आत फोटोला बंदी आहे ते एका अर्थी बरं, नाहीतर आमच्या ग्रुपनं वेदी पाहिलीच नसती.

१७ मार्च १८६५ ला इथे काय झालं ते आमच्या बालधर्मशिक्षणाच्या वर्गात कधीच कोणी सांगितलं नव्हतं. उराकामी गावातली काही शेतकरी मंडळी चर्च बघायला म्हणून आली. एक बाई फादर पेतिजाँच्या जवळ सरकली आणि हळूच म्हणाली की आमचं आणि तुमचं मन एकच आहे, आणि मग विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? जपानमध्ये ख्रिस्ती धर्माला बंदी होती, त्यामुळे दोनशेहून अधिक वर्षं या लोकांकडे एकही धर्मगुरू नव्हता. बाप्तिस्मा गावातलाच कोणी द्यायचा. दरवर्षी अधिकारी यायचे आणि येशूची किंवा मरियेची प्रतिमा पायाखाली तुडवायला लावायचे. तिला फुमि-ए म्हणतात. संग्रहालयात तिची प्रतिकृती आहे. मूळ प्रतिमांवरचे चेहरे कसे झिजलेत ते वाचून माझ्याच पायाला मुंग्या आल्या. तुडवायचं, घरी जायचं, रात्रभर पश्चात्तापाची प्रार्थना करायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा. हे शूर की भित्रे? निशिझाकाचे २६ संत झाले, पण धर्म टिकवला तो या तुडवणाऱ्यांनीसुद्धा. हे मी फादरांना बोलून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "यावर प्रवचन द्यायला मला भीती वाटेल."

पाट्या वाचायला फोनवरचं भाषांतर होतं, ते वाटेल ते सांगे. पण एका जुन्या शब्दाला भाषांतर लागलंच नाही. क्रुसाला इथले गुप्त ख्रिस्ती म्हणत "कुरुसु". फादरांना "बातेरेन", म्हणजे आपलेच पाद्री. पावाला सगळा जपान अजून "पान" म्हणतो. एकाच जहाजातून उतरलेले शब्द, काही वसईला, काही नागासाकीला. दारावरच्या बाईंना मी उद्याच्या प्रार्थनेची वेळ विचारायला लागले, इंग्रजी त्यांना येईना, जपानी मला. शेवटी त्यांनी हात जोडून विचारलं, "मिसा?" मी म्हटलं, "मिस्सा, मिस्सा!" दोघी अशा हसलो की बाकीचे वळून बघायला लागले.

संध्याकाळी कास्तेला केक खाल्ला. तोही पोर्तुगिजांचाच. चांगला आहे, पण आमच्याकडच्या नाताळाच्या केकपुढे मला तो मिळमिळीत वाटला.

दिवस चौथा : उराकामी

रविवार. उराकामीच्या कॅथेड्रलमध्ये सकाळच्या मिस्सेला गेलो. बायकांच्या डोक्यावर पांढऱ्या जाळीचे पदर. नणंदबाईंनी ओढणी घेतली, मी साडीचा पदर. भाषा परकी, पण कुठे उभं राहायचं, कुठे गुडघे टेकायचे, सगळं ठाऊक. शांतीची खूण करायची वेळ आली तेव्हा हस्तांदोलन करायला पुढे झालेला आमच्यातला एक तरुण गडबडला, कारण सगळे हात जोडून वाकत होते. म्हणजे आपला नमस्कारच की.

आणि घंटा. मिस्सेनंतर दोन्ही मनोऱ्यांतून घंटा वाजल्या तेव्हा आवारातले म्हातारे लोक मान वर करून ऐकत होते. ९ ऑगस्ट १९४५ ला ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब फुटला तो इथून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. आत कुमारी मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधीची पापनिवेदनं चालू होती. दोन फादर आणि रांगेतले सगळे जागीच गेले. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथोलिकांपैकी साडेआठ हजार. दोन घंटांपैकी एक ढिगाऱ्यातून शाबूत निघाली, दुसरी फुटली. १९५९ साली चर्च पुन्हा उभं राहिलं, पण एक मनोरा मुकाच होता. अमेरिकेतल्या कॅथोलिकांनी वर्गणी काढून नवी घंटा दिली आणि ती २०२५च्या ९ ऑगस्टला पहिल्यांदा वाजली. ज्यांनी पुढाकार घेतला त्या प्राध्यापकांचे आजोबा बॉम्ब बनवणाऱ्या प्रकल्पात डॉक्टर होते. पाडणाऱ्यांच्या नातवंडांनी दिलेली घंटा म्हणून तिच्याकडे बघताना मला आधी थोडा राग आला, मग तो टिकला नाही.

बाजूच्या छोट्या चॅपेलमध्ये जुन्या वेदीवरच्या मरियेचं फक्त शिर आहे. लाकडी. गालावर भाजल्याचा डाग आणि डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबणी. आमच्या घरात मरिया निळ्या झग्यात, गुलाबी गालांची. ही मला बघत नव्हती, तरी मी तिच्यासमोरून हलू शकले नाही. नणंदबाईंनी नमो मरिया सुरू केली आणि मध्येच थांबल्या. त्या प्रार्थना अर्धी सोडतात हे मी ३२ वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

बाहेर उतारावर जुन्या डाव्या मनोऱ्याचा घुमट अजून पडलाय तसाच पडलेला आहे, खालच्या ओढ्यालगत. त्याच्याजवळ बसून फादर बोलले. तेच प्रवचन म्हणायचं. उराकामीचे हे लोक आधीच एकदा उद्ध्वस्त झाले होते. ओउराच्या भेटीनंतर उघडे पडले म्हणून तीन हजारांवर माणसांना गावातून हद्दपार केलं, कित्येक तिकडेच मेले, १८७३ साली बंदी उठल्यावर उरलेले परतले. जिथे त्यांच्या आईबापांना फुमि-ए तुडवायला लावत तीच जागा विकत घेऊन त्यांनी हे चर्च बांधलं. विटा जमवत जमवत वीस वर्षं. आणि त्यांच्यावर बॉम्ब टाकायला विमान जिथून निघालं, त्या तिनियान बेटावरच्या सैनिकांचा धर्मगुरू कॅथोलिकच होता, फादर झाबेल्का. त्यानं तेव्हा तोंडातून शब्द काढला नाही. पुढे आयुष्यभर त्याचा पश्चात्ताप बोलून दाखवत हिंडला.

मग डॉक्टर नागाईंची गोष्ट. क्ष-किरणांचे डॉक्टर, बॉम्बच्या आधीच रक्ताचा कर्करोग झालेले. बायको घरातच जळाली. राखेत तिच्या हाडांजवळ वितळलेली जपमाळ सापडली. पुढे दोन चटयांएवढ्या झोपडीत आडवे पडून लिहीत राहिले आणि १९५१ साली गेले. ती झोपडी आम्ही नंतर पाहिली. आमच्याकडचं देवघर तिच्याहून मोठं असेल. नोव्हेंबर १९४५ मध्ये या ढिगाऱ्याशेजारी मृतांसाठी मिस्सा झाली तेव्हा नागाई म्हणाले होते की युद्ध थांबावं म्हणून देवानं उराकामीचं निष्कलंक कोकरू होमबली म्हणून निवडलं. घरचे गेलेल्यांना त्यातून धीर आला. पण पुढे नागासाकीतूनच लोकांनी विचारलं की मग बॉम्ब टाकणाऱ्याची आणि युद्ध पुकारणाऱ्याची जबाबदारी कुठे गेली? १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे हिरोशिमात आले आणि म्हणाले, युद्ध हे माणसाचं काम आहे. देवाचं नव्हे.

आमच्यात चर्चा सुरू झाली ती दुपारच्या जेवणापर्यंत. घर गमावलेल्या माणसाला "देवाची इच्छा" म्हणायचा हक्क आहे, असं माझं मत. दुसऱ्या कोणी ते त्याला सांगू नये. आमच्याकडेही वाडी गेली, पाणी खारं झालं की "देवाची इच्छा" म्हणणारे भेटतात, आणि ते बहुधा भराव टाकणाऱ्यांच्या ओळखीचे असतात. कोणीतरी म्हणालंच, फादरांनी राजकारणात पडू नये. आमचे फादर एवढंच म्हणाले, "हे दिब्रिटो फादरांनाही ऐकवत." फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईची चळवळ उभी केली तेव्हा त्यांना याहून बरंच काही ऐकावं लागलं होतं. २०२० साली ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा हार घेऊन गेलेल्यांत तेच ऐकवणारे होते. मी पाहिलंय.

बॉम्बस्फोटाच्या केंद्रस्थानी काळ्या दगडाचा एक स्तंभ आहे, दुसरं काही नाही. जवळ जुन्या कॅथेड्रलच्या भिंतीचा एक तुकडा आणून उभा केलाय. २४ नोव्हेंबर २०१९ ला भर पावसात पोप फ्रान्सिस इथे आले होते. त्याच दिवशी संध्याकाळी हिरोशिमात त्यांनी सांगितलं की अण्वस्त्रं वापरणं तर अनैतिक आहेच, बाळगणंही अनैतिक. फादरांनी ते मराठीत सांगितल्यावर आम्ही माना डोलावल्या. बसून पाणी प्यायलो. मग नणंदबाई अगदी सहज म्हणाल्या, "वहिनी, ९८ साली पोखरण झालं तेव्हा आपल्या आळीत पेढे वाटले होते. आठवतं?"

आठवतं. डबा मीच फिरवला होता. शाळेला सुट्टी होती, मे महिना, आणि मी घरोघरी जाऊन म्हणत होते, घ्या, आपण करून दाखवलं. आमच्या चर्चच्या पायरीवरही वाटले. कोणाला काही वावगं वाटलं नाही. तेव्हा नागासाकी मला भूगोलाच्या पुस्तकातलं नाव होतं, गोन्सालो तिथेच मेला हे पाठ असूनसुद्धा. दोन्ही गोष्टी एकाच गावात घडल्या हे माझ्या डोक्यात कधी जोडलंच गेलं नव्हतं. शेजारी अणुबॉम्ब घेऊन बसलाय, मग देशानं काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही. पण तो पेढा तोंडात आल्यासारखा झाला. "आठवतं," एवढंच म्हटलं. त्यांनीही पुढे नेलं नाही.

दिवस पाचवा : तोकित्सु

क्योतोहून आणलेल्या कैद्यांना शेवटच्या रात्री ओमुराच्या खाडीतून होडीनं तोकित्सुला आणलं आणि पहाटे तिथून चालवत निशिझाकाला नेलं. ते अंतर आम्ही चालणार होतो, १२ किलोमीटरच्या आसपास. बुटाची टाच लागल्यामुळे मी अर्ध्यातच बस पकडली. आता तो सगळा डांबरी रस्ता, दुकानं, पेट्रोलपंप. भक्तिभाव वगैरे फारसा दाटून आला नाही. पाऊस भुरभुरत होता. एवढं मात्र लक्षात आलं की वाट उराकामीवरूनच जाते. म्हणजे गोन्सालो त्या शेवटच्या सकाळी त्या गावातूनच गेला.

जे पूर्ण चालले ते ओले होऊन निशिझाकाला पोचले. फादरांनी तिथे आमच्यापुरती मराठीतून प्रार्थना घेतली. नणंदबाईंनी आपलं खोडलेलं माहितीपत्रक घडी करून पुतळ्याच्या पायथ्याशी ठेवलं. मी म्हटलं, कचरा समजून उचलतील. म्हणाल्या, उचलणारा वाचेल तरी.

दिवस सहावा : परत

प्रवास, प्रवास, आणि बँकॉकला चार तास उशीर. लिहिण्यासारखं काही नाही. पहाटे घरी पोचले, तर आत्या अंगणात झाडलोट करत होत्या. झाडू खाली ठेवून फाटकाशी आल्या.

"वाचलीस?"

"वाचली."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं. मराठीत."

"बरं झालं." मग माझ्या बॅगेकडे बघत म्हणाल्या, "झोप काढ आज. मंगळवारी कार्यालयात जायचंय, अर्ज घेऊन. मला वाचता येत नाही, ते कागद पुढे करतात आणि अंगठा मागतात. तू चल माझ्याबरोबर."